नवतप्यातला मत्स्यावतार

नागपुरात मासे पाळणं म्हणजे मुळात हवामानाशी घेतलेला पंगा आहे. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि 2018 च्या डिसेंबरअखेरीस तो 3.5 वर उतरला होता. माणसांना चव्वेचाळीस अंशांचा पल्ला दाखवणाऱ्या या गावात आपण असा एक जीव आणून ठेवतो, ज्याचं अख्खं सुख 24 ते 28 या चार अंशांत मावतं. बरं, माशाला घाम येत नाही. उन्हाळी लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवावा तर खिसा नाही. थंड रक्ताचा म्हणतात त्याला, पण ते रक्त थंड कुठे असतं? पाणी जितकं, तितकं ते. पाणी 34 झालं की मासाही 34. तक्रार करायला तोंड उघडतो, पण ते तर तो एरवीही उघडतच असतो.

हे सगळं दुकानात कोणी सांगत नाही. सीताबर्डीच्या दुकानदाराने आमच्या मुलीला दोन गोल्डफिश आणि चार एंजल एकाच दमात दिले. गोल्डफिश मूळचा चीनचा. तिथल्या लोकांनी हजारेक वर्षं निगुतीने जोपासलेला कार्प जातीचा मासा. त्याला 18 ते 22 अंशांचं पाणी मानवतं. एंजल अमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला 26-27 च्या खाली हुडहुडी भरते. या दोघांना एका काचेत ठेवणं म्हणजे एकाला पंखा पाचवर आणि दुसऱ्याला गोधडी हवी असताना दोघांना एकाच पलंगावर निजवणं. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही, पण आमच्याकडे निदान उशी घेऊन हॉलमध्ये निघून जायची सोय आहे.

"काही टेन्शन नका घेऊ जी," दुकानदार म्हणाला. "मजबूत जाती आहेत. आपल्याकडं तर टिनाच्या शेडखाली राहून राहिले."

राहून राहिले होते खरे. पण किती दिवस राहतात हे तो कशाला मोजेल? त्याच्याकडे मासा आठवडाभर टिकला की विकला जातो. पुढचं आयुष्य गिऱ्हाइकाने सांभाळायचं.

आमच्या घरी मासा दगावला की एक ठरलेलं वाक्य येतं: घरावरचं संकट घेऊन गेला. आई म्हणते, समोरच्या काकू म्हणतात, दूधवालासुद्धा कॅन खाली ठेवून म्हणतो. या समजुतीचा मोठा फायदा असा, की थर्मामीटरकडे कोणाला बघावंच लागत नाही. मी हिशेबाच्या खात्यातला माणूस, त्यामुळे मला नोंदी ठेवायची खोड. त्या नोंदींवरून असं दिसतं की आमच्या घरावर ऑगस्ट ते नोव्हेंबर संकटं जवळजवळ येतच नाहीत. एप्रिलच्या मध्याला त्यांची चाहूल लागते. 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला, नवतपा सुरू झाला, की त्यांचा कळस होतो. मृगाच्या दोन सरी पडल्या की एकाएकी घराचे ग्रह सुधारतात. पत्रिका न मांडता इतकं बिनचूक भाकीत करणारा आमच्या खानदानात मीच पहिला.

थर्मामीटर आमच्याकडे तीन आहेत आणि तिघांचे तीन पक्ष आहेत. एक काचेला बाहेरून चिकटवायची पट्टी. तिच्यावर जो आकडा खरा तो हिरवा उजळतो. पण ती पाण्याचं तापमान सांगत नाही, काचेचं सांगते. कूलरचा झोत काचेवर आला की ती 27 दाखवते आणि आत पाणी 31 असतं. बायकोचा विश्वास या पट्टीवर, कारण ती हिरवी दिसते. दुसरा काचेचा, रबरी चोषकाने आत चिकटवलेला. त्याचा चोषक दर पंधरवड्याला सुटतो, मग तो मागच्या कोपऱ्यात फिल्टरआड जाऊन उभा राहतो आणि वाचायचा तर भिंत आणि काच यांच्या फटीत मान घालावी लागते. तिसरा डिजिटल, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला. तो एक दशांशापर्यंत बोलतो, म्हणून मुलीचा विश्वास त्याच्यावर. तिघांचं एकमत फक्त जुलैत होतं.

आता उपाय. उपाय सांगायला आमच्याकडे माणसांची कधी टंचाई नसते. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त इंजिनियर आहेत, आणि निवृत्त इंजिनियरला दुसऱ्याच्या घरातली बिघडलेली वस्तू दिसली की तो पुन्हा कामावर रुजू होतो. पाणी 33 आहे हे कळताच ते म्हणाले, "बर्फ टाका. सोपं आहे."

सोपं आहे, पण हिशेब करून पाहावा. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढतो. त्याचं जे शून्य अंशाचं पाणी होतं, ते आजूबाजूच्या पाण्याइतकं कोमट होईपर्यंत आणखी सव्वाशेच्या आसपास. आणि शंभर लिटर पाणी एका अंशाने उतरवायला लागतात 418. म्हणजे किलोभर बर्फाने काय होतं, तर 33 चे जेमतेम 32 होतात. पाच अंश उतरवायला पाच किलो बर्फ. तोही एकदम टाकला तर ज्या कोपऱ्यात पडेल तिथे काश्मीर आणि पलीकडच्या कोपऱ्यात चंद्रपूर. शिवाय दुपारी उतरवलेलं संध्याकाळी पुन्हा चढतं, कारण भिंती तापलेल्याच असतात. काकांना मी हे आकडे दाखवले. ते म्हणाले, "तत्त्वतः बरोबर आहे. पण टाकून तर बघा."

म्हणून मधला मार्ग निघाला. बर्फ थेट न टाकता पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या आळीपाळीने टाकीत सोडायच्या. यासाठी फ्रीझर रिकामा करण्यात आला. पाहुण्यांनी चुकून त्या बाटल्या काढू नयेत म्हणून मुलीने प्रत्येकीवर स्केच पेनने मोठ्या अक्षरांत "मासे" असं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. आई माळकरी. एकादशीला तिच्या मंडळातल्या बायका आल्या, त्यांच्यातल्या एकीने पन्ह्यासाठी बर्फ काढायला फ्रीझर उघडला आणि उघडाच ठेवून ती आईकडे बघत राहिली. आईने खुलासा केला. खुलासा जितका लांबत गेला तितका तो संशयास्पद होत गेला. त्या दिवशी पन्हं बिनबर्फाचंच झालं आणि भजनही जरा घाईतच.

खरं औषध आमच्या घरात आधीपासून घरघरत होतं. कूलर. नागपूरकराला बाष्पीभवन शिकवावं लागत नाही. एप्रिल लागला की ताट्या बदलणं, वाळ्याच्या घ्यायच्या की लाकडाच्या भुशाच्या यावर वाद घालणं, पंप सुरू होत नाही म्हणून त्याला चप्पल मारणं, हे सगळे वैदर्भीय संस्कार आहेत. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे पाच किलो बर्फाचं काम लिटरभर पाणी फुकटात करतं, फ्रीझर नाही, चिठ्ठ्या नाहीत. मासे ठेवणारी जाणकार मंडळी टाकीच्या तोंडावर एक लहान पंखा तिरका लावतात, त्यामागे एवढंच गणित आहे. भर मेमध्ये बाहेर 45 अंश असतात, पण हवा इतकी कोरडी की ओली वस्तू पंचविसाच्या आसपास उतरू शकते. माझे साडू डोंबिवलीला असतात. त्यांनीही पंखा लावला होता. त्यांच्याकडे हवेलाच घाम फुटलेला असतो, ती आणखी पाणी कुठे पिणार? त्यांचं पाणी एखाद्या अंशाने उतरलं असेल नसेल. तेव्हा उन्हाळ्यात नागपूर मुंबईपेक्षा बरं आहे असं म्हणायची संधी आयुष्यात एकदाच आली, आणि मी ती फोन करून साधली.

पण पंखा लावायचा तर झाकण काढावं लागतं. झाकण काढलं की मासे उड्या मारतात. म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला आणि चारही कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. तीन निळे आणि एक गुलाबी. पाहुण्यांना दाखवायची म्हणून जी वस्तू दिवाणखान्यात ठेवली, ती आता धुण्याच्या जागेसारखी दिसते. पाणी दिवसाला बोटभर कमी होतं आणि ते भरून काढावं लागतं. इथे दुसरा पेच. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस अंशांचं असतं. नागपुरात उन्हाळ्यात सकाळी भरलेल्या बादलीने दुपारी अंघोळ करायची असते, उलट केलं तर माणूस सोलून निघतो. शंभरातलं वीस लिटर पाणी बदलताना नळाखाली सरळ पाइप धरला, तर 29 अंशांची टाकी पाच मिनिटांत साडेएकतीसच्या पुढे जाते. म्हणून माशांचं पाणी रात्रीच बादल्यांत भरून ठेवतो. क्लोरीनही तेवढ्यात बराचसा उडून जातो. या बादल्या मोरीत ओळीने उभ्या असतात, आणि पहाटे उठणाऱ्या आईला रोज वाटतं की आपल्यासाठी कोणीतरी अंघोळीचं पाणी भरून ठेवलं आहे.

उकाड्याने माशाचं नेमकं काय होतं? तो भाजत नाही, गुदमरतो. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, 30 अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची भूक, श्वास, धावपळ सगळं वाढलेलं असतं. मिळकत घटली आणि खर्च वाढला, हे आमच्या खात्यात रोज बघायला मिळतं. मग ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करतात. कल्ले बघावेत, ते घाईघाईने हलत असतात. अशा वेळी बुडबुड्यांचा पंप वाढवायचा, पाणी ढवळतं ठेवायचं आणि खाणं कमी करायचं. पण मासा वर येऊन तोंड उघडतो आहे याचा आमच्या घरी एकच अर्थ लावला जातो. "उपाशी आहे गं बिचारा," असं म्हणून आई पोळीचा बारीक चुरा टाकते. चुरा तळाला कुजतो, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातो, मासे आणखी वर येतात, आणि आईला वाटतं एवढ्याने काय होतंय त्यांचं.

याच दिवसांत भंडाऱ्याहून मामा आले. आई माळकरी असली तरी तिचा सख्खा भाऊ तलावांच्या जिल्ह्यात वाढलेला. त्यांनी टाकीसमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बराच वेळ एकेक मासा निरखला.

"खात नाही का गा हे?"

"नाही मामा. शोभेचे आहेत."

"मग काऊन एवढी मरमर करून राहिला? आमची मरळ पाय. उन्हाळ्यात बोडी आटते, चिखलच राह्यते, त्यातबी जिती."

मामांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, पाण्यातल्या प्राणवायूवर अवलंबून राहत नाही. शोभेच्या माशांतही असे आहेत. गोरामी आणि फायटर यांच्या डोक्यात कल्ल्यांजवळ एक जादा इंद्रिय असतं, त्याने ते थेट हवा घेतात. छोटी रंगीत गोरामी तर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सखल प्रदेशातली, म्हणजे उकाड्याची सवय असलेली. झेब्रा मासाही आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला मोठ्या इतमामाने ठेवतात, साडेअठ्ठावीस अंशांवर. आपल्या नाल्यातलं पोर परदेशात वातानुकूलित नोकरीला लागावं असं त्याचं झालं आहे. तर नागपूरकराने मुळात असेच मासे घ्यावेत, असं माझं मत आहे. पण दुकानात मत चालत नाही, मुलीचं बोट चालतं.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात माशाला सगळ्यात मोठा धोका उन्हापासून नाही, आमच्या मायेपासून आहे. शंभर लिटर पाणी हा संथ ऐवज आहे. तो तापायला अर्धा दिवस घेतो, निवायला रात्र घेतो. मासा 30 अंशांचीही हळूहळू सवय करून घेतो, पण तासाभरात चार अंश वर आणि चार अंश खाली हे त्याच्या जिवावर येतं. आणि आमच्या घरात कोणी नुसतं बसून राहील अशी शक्यताच नाही. सकाळी पट्टी बघून बायको पंखा बंद करते. अकरा वाजता काका येऊन डिजिटल बघतात आणि बाटली टाकतात. दुपारी शाळेतून आलेली मुलगी दुसरी बाटली टाकते, कारण पहिली कोणी टाकली ते तिला माहीत नसतं. चारला आई "गारठले असतील" म्हणून दोन्ही बाटल्या काढते. संध्याकाळी मी घरी येतो तोवर त्या माशांनी एका दिवसात महाबळेश्वर, नागपूर, पुन्हा महाबळेश्वर असा प्रवास केलेला असतो. मी काचेवर एक कागद लावला: "कृपया काही करू नये." त्याखाली काकांनी पेन्सिलीने लिहिलं, "म्हणजे नक्की काय करायचं?"

वीज गेल्यावरचा प्रश्न वेगळाच. इन्व्हर्टरवर काय ठेवायचं यावर आमच्या घरी रीतसर मतदान झालं. एक दिवा, एक पंखा, आणि तिसऱ्या जागेसाठी टीव्ही आणि टाकीचा पंप उभे होते. मालिकांच्या वेळेत टीव्हीला स्पष्ट बहुमत होतं. शेवटी बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप आणून तोडगा काढला. तो इतका आवाज करतो की टीव्ही लावूनही उपयोग नसतो.

हिवाळ्यात सगळा मामला उलटा. डिसेंबरात रात्री आठ-दहा अंश होतात, टाकीतलं पाणी 18 वर येतं. गोल्डफिशला वर्षात पहिल्यांदाच जरा बरं वाटतं, आणि एंजल पर मिटून कोपऱ्यात उभे राहतात. मग हीटर. लिटरमागे एक वॉट, असा ठोकताळा आहे, म्हणजे शंभर लिटरला शंभर वॉट. त्याने पाणी एक अंश वर यायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, खोली गार असेल तर आणखी. हीटर पाण्यात पूर्ण बुडल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि बंद केल्यावर निवल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, नाहीतर काच तडकते. स्वस्त हीटरच्या आतली पट्टी कधी कधी चिकटून बसते आणि तो बंद व्हायचं नावच घेत नाही. म्हणून थर्मामीटर हवाच, निदान एक खरं बोलणारा. तरी आपण सुखात आहोत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात घरोघरी ही टाक्यांची हौस पसरली, तेव्हा विजेचे हीटर कुठले? टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करायचे आणि खालून ज्योत लावायचे. बघणाऱ्याला शंका येत असणार की हे पाळणं चाललंय की रांधणं. आमच्या मामांना मात्र ती पद्धत पटली असती.

आईचा आक्षेप वेगळा आहे. "माझा गिझर पाच मिनिटांत बंद करता, आणि त्यांना रात्रभर?" गिझर दोन हजार वॉटचा, हा शंभरचा, दहा तास चालला तरी एक युनिट, असं मी समजावलं. ती म्हणाली, "युनिट मला सांगू नकोस. कोणाला गरम पाणी आहे आणि कोणाला नाही, एवढंच मला कळतं."

थंडीच्या एखाद्या लाटेत पाणी झपकन उतरलं की माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात. परजीवीचा रोग तो. त्याला उपाय म्हणून पाणी हळूहळू 30 पर्यंत चढवायचं, कारण उबेत त्या जंतूची पिढी लवकर संपते आणि तो माशाचं अंग सोडून पाण्यात सुटा फिरतो तेव्हाच औषधाच्या तावडीत सापडतो. म्हणजे मे महिन्यात जो आकडा बघून घरात धावाधाव झाली होती, तोच आकडा जानेवारीत गाठण्यासाठी आम्ही पैसे मोजून वीज जाळतो. काका रोज येऊन विचारतात, "झाले का तीस?"

जुलैत पाऊस स्थिरावला की पाणी आपोआप 28 वर येऊन बसतं. पंखा नको, बाटल्या नकोत, हीटर नको. मासे मजेत फिरतात आणि घरातली माणसं अस्वस्थ होतात. काका एकदा डोकावून, तिन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवतात हे बघून, निराश होऊन परत गेले. असल्या रिकामपणातच नव्या कल्पना सुचतात. मुलगी दुकानातून शिकून आली की आता डिस्कस आणायचे. माशांचा राजा म्हणतात त्याला. ताटलीएवढा गोल, अंगावर निळे पट्टे, किंमतही राजालाच शोभेल अशी. मात्र त्याला पाणी 28 ते 30 लागतं, वर्षभर, आणि जराही हललेलं चालत नाही. त्यासाठी मोठा हीटर घ्यावा लागेल, बिल किती वाढेल, इन्व्हर्टरवर काय राहील, यावर रात्री जेवताना चर्चा पेटली. बायको म्हणाली, "अहो, आधी बिलाचं बघा." मी कागद-पेन्सिल घेऊन वॉटचे तास मांडायला बसलो.

आई ताक वाढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तीस लागतात ना त्यांना? मग मे महिन्यात आणा. तेव्हा फुकट असतात."